फुरसतीची सायकल आणि पोटाची सायकल

रविवारी पहाटे साडेपाच वाजता मरीन ड्राइव्हवर उभे राहिले की दोन प्रकारच्या सायकली दिसतात. पहिल्या प्रकारची सायकल एका हाताने उचलता येईल इतकी हलकी असते. तिची किंमत कधीकधी लाखाच्या पुढे जाते. स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकदार घट्ट कपडे आणि मनगटावर किलोमीटर मोजणारे घड्याळ. दुसरी सायकल काळी, जाड दांड्याची असते. तिच्या कॅरियरला चहाचा थर्मास, हँडलला बिस्किटांची पिशवी आणि कागदी पेल्यांची चळत. पहिला स्वार मुलुंड किंवा बोरिवलीहून निघून गेट वे पाहून परत जातो. दुसरा रात्रभर टॅक्सीवाल्यांना आणि पोलिसांना चहा पाजून घरी निघालेला असतो. रस्ता एकच, वेळही एकच.

या पहिल्या सायकलीची प्रसारमाध्यमांत मोठी चर्चा आहे. २०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद झाल्या, लोकल बंद झाली आणि मुंबईत सायकलींची मागणी एकाएकी वाढली. तेव्हापासून हौशी सायकलस्वारांचे गट उपनगरोपनगरी उभे राहिले. आम्ही बारमाही सायकल चालवतो, असे ते अभिमानाने सांगतात. त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले तेव्हा मीही जुन्या बाजारातून एक सायकल घेतली आणि कोर्टाला सुट्टी असेल त्या दिवशी पहाटे बाहेर पडू लागलो. शरीर हलके होते, डोके शांत होते, हा अनुभव खरा आहे. फक्त 'बारमाही' या शब्दापाशी मी अडखळतो. मुंबईत बर्फ पडत नाही. इथे बारमाहीची परीक्षा जुलैत होते. रस्त्यावर गुडघाभर पाणी, खड्डा कुठे आणि झाकण नसलेले मॅनहोल कुठे ते कळत नाही. त्या दिवसांत माझी सायकल जिन्याखाली असते. काही हौशी स्वार पावसातही निघतात, त्यांना मानले पाहिजे. पण पाववाला, डबेवाला, पेपर टाकणारा पोरगा आणि रात्रपाळीचा वॉचमन यांना घरी राहण्याचा पर्यायच नसतो. या शहरातील खरे बारमाही सायकलस्वार तेच आहेत, आणि सायकलविषयक एकाही योजनेत त्यांचा उल्लेख सापडत नाही.

योजना कोणासाठी होतात ते पाहू. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास सुमारे १३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक झाला. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, फरशा उखडल्या आणि २०२५ मध्ये तो काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करण्याचा निर्णय झाला. संकुलातील कचेऱ्या झाडणारे, कँटीन चालवणारे, पहारा देणारे हजारो लोक कुर्ला, वांद्रे पूर्व आणि धारावीच्या वस्त्यांतून येतात. हा ट्रॅक त्यांच्या वस्तीपर्यंत का पोहोचला नाही, असे कोणी विचारले नाही. तो संकुलात सुरू होऊन संकुलातच संपत होता.

सागरी किनारा रस्त्यावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. त्या रस्त्यावर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तीच बंदी आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही तीच. म्हणजे सार्वजनिक पैशातून झालेले शहरातील सर्वांत महागडे रस्ते चारचाकी नसलेल्या माणसाला बंद! त्या बदल्यात समुद्राकाठी सुमारे साडेसात किलोमीटरच्या विहारपथाचा बराचसा भाग १५ ऑगस्ट २०२५ रोजी खुला झाला. तेथे फिरता येते, धावता येते, सायकल चालवता येते. जागा सुंदर आहे. परंतु त्या वाटेने कामावर पोहोचता येत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद करून नागरिकांसाठी मोकळे करण्याचा उपक्रम सुरू केला, त्याचेही मोठे कौतुक झाले. एकूण हिशेब असा की सायकल खेळणे म्हणून आली तर तिच्यासाठी रस्ता बंद होतो आणि कामाचे साधन म्हणून आली तर तिलाच रस्ता बंद होतो.

या सर्वांत मला अधिक अस्वस्थ करणारे प्रकरण तानसा जलवाहिनीचे आहे. चळवळीतील अनेक वाचकांचे नातेवाईक त्या वाहिनीच्या काठी राहिले आहेत, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

मुंबईला पाणी आणणाऱ्या या मोठ्या वाहिन्यांच्या दोन्ही बाजूंना अनेक दशके झोपड्या होत्या. वाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी एक जनहित याचिका झाली आणि २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या दहा मीटर पट्ट्यातील बांधकामे हटवण्याचा आदेश दिला. पाण्याची सुरक्षितता हा खोटा मुद्दा नव्हता, हे आपणही मान्य केले पाहिजे. पुढे २०१७ मध्ये महानगरपालिकेने या मोकळ्या पट्ट्यावर ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक जाहीर केला. त्याचे नाव 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्ल्यू लाइन्स'. जागेवर पुन्हा अतिक्रमण होऊ नये आणि नागरिकांना हिरवा मार्ग मिळावा, असा दुहेरी हेतू सांगण्यात आला. दहा मीटरच्या आत घर असणे धोक्याचे, परंतु सायकलींची रहदारी चालेल, हा युक्तिवाद वकील म्हणून मला आजही पचलेला नाही.

हटवलेली माणसे कोठे गेली? पात्र ठरलेल्या हजारो कुटुंबांना माहुलच्या वसाहतीत पाठवण्यात आले. माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांचे साठे आणि खतांचा कारखाना यांचा शेजार आहे. तेथील हवेतील घातक वायूंमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवले होते. म्हणजे लवादाने धोका सांगितल्यानंतर तेथे माणसे नेऊन ठेवली! त्वचेचे रोग, श्वासाचे विकार, टीबी यांच्या तक्रारी सुरू झाल्या. शाळा दूर, दवाखाना दूर, कामाचे ठिकाण त्याहून दूर. २०१८ मध्ये रहिवासी माहुल सोडून विद्याविहारला, त्याच जलवाहिनीच्या काठी, पदपथावर येऊन बसले आणि 'जीवन बचाओ आंदोलन' सुरू झाले. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत देण्याचा आदेश शासनाला दिला, आणि कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असे बजावले. हा विजय या लोकांनी स्वतः रस्त्यावर बसून मिळवला. दरम्यान ट्रॅकचे काही तुकडे झाले. घोषणेनंतर पाच वर्षे उलटली तरी तो सलग झाला नव्हता. ज्याच्यासाठी जागा राखायची होती तोच वेळेवर आला नाही, घरे मात्र वेळेवर पडली.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना १९८५ चा ओल्गा टेलिस खटला शिकवतात. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. भाषणांत एवढाच भाग सांगितला जातो. त्याच निकालाने महानगरपालिका अधिनियमातील कलम ३१४ वैध ठरवले आणि पावसाळा संपल्यावर पदपथावरील झोपड्या हटवण्यास वाट मोकळी करून दिली, हे सांगायचे राहून जाते.

याच प्रकारच्या अधिकाराखाली सायकलवरचा चहा उचलला जातो. मुंबईच्या आसपासच्या एका महापालिकेच्या गोदामात मी दोन वर्षांपूर्वी एका चहावाल्याची सायकल सोडवायला गेलो होतो. पथविक्रेता अधिनियम २०१४ च्या कलम १९ नुसार जप्तीच्या वेळी मालाची यादी करून तिची प्रत द्यावी लागते आणि नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. यादी नव्हती. सायकलींचा ढीग पावसात पडला होता. कारकुनाने सांगितले, वकीलसाहेब, यातली तुमची कोणती ते शोधून घ्या. अकराव्या दिवशी सायकल मिळाली, थर्मास मिळाला नाही. चहावाल्याचे अकरा दिवस बुडाले. मी त्या दिवशी स्वतःच्या सायकलवर, हेल्मेट घालून गेलो होतो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझ्या सायकलला सावलीत जागा करून दिली.

ही वागणूक जुनीच आहे. वडील सांगत, त्यांच्या तारुण्यात तालुक्याच्या गावी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे. बिल्ला नसेल, रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट असेल तर दंड. सायकल गरिबाची होती तेव्हा तिच्यावर कर होता. श्रीमंताने ती उचलल्यावर तिला पर्यावरणाचे प्रमाणपत्र मिळाले.

मग फुरसतीची सायकल हा उच्चभ्रूंचा चोचला म्हणून सोडून द्यायचा काय? मुळीच नाही. फुरसत हा शब्द भारतीय संविधानात आहे. अनुच्छेद ४३ म्हणतो की राज्याने सर्व कामगारांना निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळवून देण्याचा प्रयत्न करावा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात दुरुस्ती करून आठवड्याचे काम ५४ वरून ४८ तासांवर आणण्यात आले. ते सहा तास कामगाराच्या विश्रांतीचे, वाचनाचे, पोरांबरोबर फिरण्याचे होते. रविवारी सकाळी सायकल चालवण्याचा पहिला हक्क खरे तर आठवडाभर काम केलेल्या माणसाचा आहे. आमच्या वस्तीतील मुलेही सायकल चालवतात, दोन घरांमधल्या चार फुटांच्या गल्लीत. त्यांच्यासाठी कोणी रस्ता बंद करीत नाही.

आता एक संधी आली आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये कलम १३८ (१अ) घालण्यात आले. पादचारी आणि यंत्राविना चालणारी वाहने यांच्यासाठी नियम करण्याचे काम त्याने राज्य सरकारवर टाकले. सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना सहा महिन्यांत नियम करा असे सांगावे लागले. त्याआधी मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये धरला होता. अशा नियमांवर सूचना मागवल्या जातात तेव्हा हौशी सायकलस्वारांचे गट संघटितपणे निवेदने देतात. आपल्या संघटना मात्र हा विषय आपला नाही असे समजून गप्प राहतात.

आपल्या निवेदनात काय असावे? सायकल मार्ग वस्तीपासून स्टेशन, बाजार आणि औद्योगिक वसाहतीपर्यंत जावा. सागरी किनारा रस्त्यासारख्या नव्या रस्त्यांवर सायकलसाठी वेगळी कठड्याची मार्गिका आराखड्यातच असावी. विक्रेत्याची सायकल जप्त झाली तर यादी आणि दोन दिवसांची मुदत पाळली गेली की नाही याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर असावी. कोणत्याही ट्रॅकसाठी घरे हटवायची असतील तर पुनर्वसनाची जागा आधी दाखवावी, तेथील हवा-पाण्याचा अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा. आणि रविवारी मोकळे करायचे रस्ते ठरवताना गोवंडी, मानखुर्द आणि धारावीतील रस्तेही यादीत घ्यावेत. माझ्या ओळखीच्या दोन कार्यकर्त्यांनी हे मुद्दे घेऊन चहावाले आणि पाववाले यांच्या सह्या जमवायला सुरुवात केली आहे. सही घ्यायला पहाटे चार वाजता जावे लागते, कारण त्यानंतर ही माणसे थांबत नाहीत.