वॉकथ्रूत पाऊस पडत नाही

हल्ली गोव्यात नव्या इमारतीचं सादरीकरण म्हटलं की आधी फिल्म. कॅमेरा घारीसारखा घिरट्या घालत येतो, भिंती वळतात, छप्पर लाटेसारखं उलगडतं. टाळ्या! मग सांगतात, हे 'प्रायोगिक' आहे. अहो, पडद्यावर हलतं ते चित्र. इमारत हलत नाही.

अमेरिकन वास्तुकार ग्रेग लिन याच्या १९९९ सालच्या 'ॲनिमेट फॉर्म' या पुस्तकाने या प्रकाराला शास्त्राधार दिला. पण त्याचा दाखला चक्क होडीच्या तळाचा आहे! होडी स्वतः आकार बदलत नाही; लाटा आणि वेग तिच्या आकारात आधीच मुरलेले असतात. आमच्या मेस्तांना हे पुस्तकाविना ठाऊक. फिल्मवाल्यांनी नेमकं तेच पान वगळलेलं दिसतं.

खरं ॲनिमेशन पाहायचं तर ग्वाल्हेरला जा. किल्ल्याची पूर्वेकडची चढण चढताना डोक्यावर मानमंदिर येतं. १४८६ ते १५१६ राज्य केलेल्या मानसिंग तोमरचा हा राजवाडा. भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरश्या. त्यांत बदकांची रांग, हत्ती, मगरी, केळी. तुम्ही चालता तसे गोल बुरूज सरकतात, एकामागे दुसरा लपतो आणि बदकं चालू लागतात. यंत्र म्हणजे तुमचे पाय. १५२८ साली बाबराने हे पाहून वाखाणलं, आणि रचना ठिगळं जोडल्यासारखी, बेशिस्त आहे अशी कुरकुरही केली. प्रयोगाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कुठलं?

त्याच किल्ल्यावरचं तेली का मंदिर आठव्या-नवव्या शतकातलं. निमुळत्या शिखराऐवजी बैलगाडीच्या टपासारखं लांबट, बाकदार छप्पर, आणि तेही दगडात! अजून उभं आहे.

खाली शहरात शिंद्यांचा जयविलास, १८७४ चा. तो युरोपीय थाट मला मानवत नाही, असो. पण दरबार हॉलमधली अवजड झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, असं तिथे सांगतात. दंतकथा असेलही, पण वृत्ती बघा, आधी भार, मग शोभा.

आमच्या फिल्ममध्ये हत्ती नसतो आणि पाऊसही नसतो. सदैव सोनेरी संध्याकाळ! भिंतीला शेवाळ नाही, पागोळ्या नाहीत, ओली छत्री कुठे ठेवायची याचा पत्ता नाही. आणि याच गोव्यात चार्ल्स कोरियांची कला अकादमी आहे, जिथे रस्त्यावरून आत शिरलेला माणूस चालत चालत मांडवीपर्यंत पोचतो, नदी पावलागणिक उघडत जाते.

पुढच्या सादरीकरणात दिवे मालवले की हात वर करा आणि विचारा: यातला जुलै महिना दाखवता का?