ओझे कसले?

म्हातारपण लांबले की घराला ओझे होते, हे गेल्या अंकातील पत्र वाचून वाईट वाटले. माझे आजोबा ९७व्या वर्षी गेले. शेवटची चार वर्षे अंथरुणाला खिळून होते. सेवा करावी लागली, हे खरे. पण ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गोठ्यातली जनावरे कशी सोडली, १९७२च्या दुष्काळात खडी फोडून मिळालेली सुकडी स्वतः न खाता पोरांसाठी फडक्यात बांधून कशी आणली, हे त्यांच्याच तोंडून ऐकले. खडीची कपची उडून झालेला व्रण डाव्या भुवईवर होता. आंघोळ घालताना माझे बोट तिथे थांबायचे. ज्यांच्या घरी आजोबा आहेत, त्यांनी आजच त्यांच्याजवळ बसावे, विचारावे, लिहून ठेवावे.
– एक नात, पाटण (जि. सातारा)