टोकियो किती लांब?

टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. बिडकीनला जपानी पाहुण्यांची ये-जा वाढणार, हे तेव्हाच ठरले. चिकलठाणा विमानतळावरून थेट परदेशी विमान हवे, ही जुनी मागणी आता त्या जोरावर पुन्हा पुढे येते. माझ्या मते आपण मागायला हवे ते वेगळेच आहे.

चिकलठाणा ते टोकियोचे नारिता विमानतळ हे सरळ हवाई अंतर साधारण ६,५०० किलोमीटर. दिल्लीमार्गे गेलात तर ६,९०० च्या आसपास. वळसा जेमतेम ४०० किलोमीटरचा, म्हणजे विमानाच्या हिशेबात अर्धा तास. दिल्लीपर्यंत दोन तास, पुढे आठेक तास. परतताना थोडे अधिक, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे तेव्हा समोरून येतात. तरी आपला माणूस दिवस-दिवस वाटेत असतो. हा वेळ आकाशात जात नाही, दिल्ली-मुंबईच्या खुर्च्यांवर पुढच्या विमानाची वाट बघण्यात जातो.

म्हणूनच सिडकोतली कुटुंबे चिकलठाणा हाकेच्या अंतरावर असूनही मुंबईला गाडी करतात. चिवड्याचे डबे भरलेली बॅग आदल्या रात्री काट्यावर दोनदा चढते, चारपाच किलो काढून पुन्हा चेन लावली जाते आणि पहाटे गाडी समृद्धीला लागते. जून २०२५ मध्ये हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग पूर्ण झाला, प्रवास खरोखर सुखाचा झाला. पण आमणेला उतरले की पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. तिथे किती वेळ मोडेल याचा भरवसा नाही, म्हणून लोक चार तास हाताशी ठेवून निघतात.

जपानशी आपले हे नाते नवे नाही. अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प जपानी कर्जातून उभा राहिला आणि त्यात याच विमानतळाचा विस्तारही होता. जेद्दाला हज यात्रेकरूंची विमाने इथूनच उडाली आहेत. तेव्हा धावपट्टी नाही, सोय नाही, असे कोणी म्हणू नये.

थेट टोकियोचे विमान रोज भरेल एवढे प्रवासी आज या शहरात नाहीत, हे मान्य करायला हवे. त्याऐवजी आपल्या उद्योजक संघटनांनी आणि खासदारांनी वेळापत्रकासाठी भांडावे. परदेशी जाणारी बरीच विमाने रात्री-पहाटे सुटतात. त्यांना गाठणारे एक विमान संध्याकाळी दिल्लीला, एक मुंबईला. पहाटे उतरणाऱ्यांसाठी सकाळी लवकर परतीचे. आणि सगळे एकाच तिकिटावर, म्हणजे बॅग चिकलठाण्याला दिली की थेट नारितालाच हातात यावी आणि पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची सोय कंपनीने करावी. वेगवेगळी तिकिटे काढणाऱ्याला आज तो भुर्दंड स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. उन्हाळी वेळापत्रक मार्चअखेरीस लागू होते. त्याची जुळवाजुळव काही महिने आधीच होते, म्हणून ही मागणी दिवाळीनंतर लगेच दिल्लीत पोहोचायला हवी.