विटांचे उर, दगडांचे गिझा

प्राचीन कला म्हटली की आधी आठवतात ते इजिप्तचे पिरॅमिड. टायग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातल्या, म्हणजे मेसोपोटेमियातल्या वास्तूंचे नाव क्वचितच निघते. या विशेषांकात आम्ही दोन्ही संस्कृतींना शेजारी बसवले आहे.

दक्षिण मेसोपोटेमियात बांधकामाचा दगड दुर्मीळ; मुबलक होता तो गाळ. इसवी सनपूर्व २१००च्या सुमारास राजा उर-नम्मूने उर येथे झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचे उंच मंदिर, उभारायला घेतले. गाभा कच्च्या विटांचा, बाहेरचे कवच भाजलेल्या विटांचे, सांधे डांबराचे. आतली ओल बाहेर पडावी म्हणून भिंतींत ठेवलेली भोके आजही दिसतात.

इजिप्तकडे चुनखडी होती आणि ती वाहून न्यायला नाईल. गिझा येथील राजा खुफूचा पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच. वादी अल-जर्फ येथे २०१३ साली सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुराच्या खाणीतला दगड बोटींतून गिझाला नेल्याच्या नोंदी तीत आहेत. राजांच्या कीर्तीखाली झाकलेले कष्टकऱ्यांचे हात इथे स्पष्ट दिसतात.

हा ठेवा सुरक्षित नाही. २००३ साली बगदादच्या संग्रहालयातून प्राचीन सुमेरियन वार्का कलश लुटला गेला आणि परत आला तो तुकड्यांत. २०१५ मध्ये प्राचीन अ‍ॅसिरियन नगरी निमरूदचा राजवाडा स्फोटांनी उडवला गेला. म्हणूनच वाचकांना आग्रहाची विनंती: संग्रहालयात गेलात की वस्तूचे सौंदर्य पाहाच, पण ती कुठून आणि कशी आली, हेही जरूर विचारा.

— संपादक