दुसऱ्याच्या पिशवीत डोकावताना

नवरात्र सरलं की खान्देशातल्या नरडाण्याच्या किराणा दुकानांत संध्याकाळी गर्दी होते. दिवसभर कापूस वेचलेल्या बायका मजुरी हातात पडली की आधी दुकान गाठतात. या दिवाळी अंकाच्या कामासाठी फिरताना मी अशाच एका दुकानात उभा होतो. माझ्यापुढे एक बाई होती. पदराला कापसाचे धागे चिकटलेले, बोटांवर बोंडांचे ओरखडे. "दहाचं तेल द्या, पाचची चहापत्ती, पाव किलो साखर." मग जरा थांबून तिने लेकरासाठी पाच रुपयांचा बिस्किटपुडा मागितला. मागून कुणीतरी म्हणालं, "रेशन फुकट, आणि वर पोरांचे हे लाड!" बाईने ऐकलं. पुडा तिने परत केला नाही, पण पिशवीत तळाशी सारला आणि त्यावर साखर ठेवली.

तो पुडा झाकणारा हात डोळ्यांपुढून हलेना. म्हणून यंदाचा अंक आम्ही 'चूल' या विषयाला वाहिला आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या हाती चार पैसे असतात, ते तेलाचा डबा आणतात, वर्षाचे गहू भरतात. रोजच्या मजुरीवर चालणारं घर रोजच्यापुरतं घेतं, आणि दहा-दहा रुपयांनी घेतलेलं तेल डब्याच्या भावात कधीच पडत नाही. गरिबाला महागाई अशी किरकोळ दराने भेटते. तरी उधळपट्टीचा ठपका त्याच्यावरच येतो.

आता 'फुकट' रेशनचा हिशेब मांडू. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 166 ग्रॅम. पऱ्हाटीत दिवसभर वाकणाऱ्या माणसाचं एवढ्यावर भागत नाही. शिवाय डाळ, तेल, मीठ-मिरची, औषध, शाळेची वही हे सारं विकतच. आणि ज्या बोटांना बोंडांनी ओरबाडलं, त्यांचे ठसे रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर जुळले नाहीत, तर रांगेतून बाजूला उभं राहायचं.

कायदा राज्यात 2014 मध्ये लागू झाला तेव्हा ग्रामीण प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 44 हजार रुपये ठरली. पाच माणसांचं घर धरलं तर माणशी दिवसाला 24 रुपये. नवरा-बायको दोघं राबली की ही मर्यादा कागदावर ओलांडली जाते, पोट मात्र तिथेच असतं. मग लोक उत्पन्न कमी सांगतात आणि आपण म्हणतो, गरीब खोटं बोलतात. ज्या रेषेने त्यांना खोटं बोलायला लावलं, तिला मात्र कुणी जाब विचारत नाही.

रेषेची ही गोष्ट जुनी आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी 2250 कॅलरींचा आधार घेऊन गणित मांडलं. 1960-61 च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी 15 रुपये तरी हवेत, असा त्यांचा हिशेब. एवढंही किती लोकांना मिळत नाही, हे देशाला दाखवावं ही त्यामागची तळमळ होती. 2011 मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात खेड्यासाठी दिवसाला 26 आणि शहरासाठी 32 रुपयांचे आकडे दिले, तेव्हा देशभर संताप उसळला. तो संताप खरा होता. पण तेव्हा संतापलेले आपणच किराणा दुकानात पाच रुपयांचा पुडा मोजत उभे राहतो.

थोड्यात घर चालवण्याची अक्कल बघायची असेल तर आपल्या खान्देशातल्या चुलीजवळ बसावं. ज्वारीत उडीद मिसळून दळला की कळण्याची भाकरी होते, धान्य आणि डाळ एकाच तव्यावर. घरात भाजी नसली की बेसनाचे डुबुक वडे रश्श्यात पडतात. बांधावरचा तांदुळजा खुडून आणला की एक वेळ निघते. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नाही, आयांनी लेकींना दिलेली आहे.

त्या विद्येची किंमतही आयाच मोजतात. "पोरं जेवनात का मंग मी बठस," हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलं आहे. आपण ते मायेचं बोलणं समजून ऐकलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. सगळ्यांत शेवटी बसणारीच्या ताटात काय उरतं, ते या आकड्यात दिसतं.

अशी वेळ फक्त दुसऱ्यांवरच येते असं वाटत असेल, तर घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना बाहत्तरचा दुष्काळ विचारून पाहा. जमीनवाले आणि भूमिहीन तेव्हा एकाच कामावर खडी फोडत होते, सुकडी खात होते. त्यातूनच वि. स. पागे यांच्या रोजगार हमीला बळ मिळालं आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पाऊस रुसला की कुणाच्याही दारात ही वेळ येते, हे तेव्हा सगळ्यांना कळत होतं. आज नरडाण्याहून सुरतेच्या गाडीत गाठोडं घेऊन चढणाऱ्या माणसाकडे बघताना आपण ते विसरतो.

वाचकहो, अंक हातात घेताना एवढंच मागणं आहे. तुमच्या शेतात, दुकानात, घरात कुणी राबत असेल तर त्याची मजुरी धनत्रयोदशीच्या आत त्याच्या हाती पडू द्या. उधारीच्या वहीतलं नाव चारचौघांत मोठ्याने वाचू नका. रेशनच्या रांगेत कुणा बाईचा अंगठा जुळत नसेल तर तिच्या बाजूने दोन शब्द बोला. आणि कुणा आईने लेकरासाठी पुडा मागितला, तर तो तिला पिशवीत सगळ्यांत वर ठेवता येऊ द्या.



— संपादक