साताऱ्याचे विद्यापीठ म्हणजे फुटून निघणे नव्हे



'साताऱ्याला विद्यापीठ मिळाले, आता कोल्हापूरचा फेरा संपला' असे मागील अंकातील पत्रलेखक म्हणतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडचा फेरा संपलेला नाही. 2021 साली स्थापन झालेले कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ आहे. त्यात रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातलीच तीन महाविद्यालये आहेत: यशवंतराव चव्हाण विज्ञान, छत्रपती शिवाजी आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य. फलटण-कराडच्या पोरांची पदवी त्यामुळे तिकडे गेलेली नाही. शिवाजी विद्यापीठातून अख्खा जिल्हाच वेगळा होण्याचे उदाहरण सोलापूरचे, 2004 मधले. दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

'कोल्हापूरकरांनी आपल्याला ओढून घेतले' हेही पटत नाही. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय 1919 चे. ते आधी मुंबई विद्यापीठाकडे, 1949 नंतर पुण्याकडे होते. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि विद्यापीठ मिरजेपासून तासा-दीड तासावर आले. डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले.

तक्रार करायचीच तर ती अंतराची नको, विद्यापीठाच्या अधिकार मंडळांची करा. त्यांतल्या एका मंडळात, अधिसभेत, पदवीधरांनी निवडलेले प्रतिनिधी असतात, आणि मतदार म्हणून नाव नोंदवावे लागते. आपल्यापैकी किती पदवीधरांनी ते नोंदवले आहे? पत्रलेखकांनी नोंदवले आहे का?

— एक निवृत्त प्राध्यापक, कराड