मिटवून घ्या म्हणणाऱ्यांना



गोदीतून रजा टाकून गावी गेलो होतो. वाशिम जिल्ह्यातलं गाव, गावकुसाबाहेरची आपली वस्ती. वाशिमला २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. एमबीबीएसच्या शंभर जागा. आमच्या वस्तीत बाळंतीण अडली की अकोल्याची जीप शोधावी लागायची; त्याच मातीत आता डॉक्टर तयार होणार. वस्तीतली एक पोट्टी नीटचा अभ्यास करते. तिची माय मला म्हणाली, "काऊन रे बाबू, तिथं जात इचारतात का?"

मी मॅट्रिक झालेला, जहाजातून पोलादाच्या कॉइल उतरवणारा माणूस. पण हे मला ठाऊक आहे. म्हटलं, "काकू, जात विचारत नाहीत. नीटचा रँक विचारतात. त्यातून त्यांना सगळं कळतं."

२२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर हॉस्पिटलात डॉ. पायल तडवी गेली. जळगावची, तडवी भिल्ल घरातली, स्त्रीरोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी, वय २६. तीन वरिष्ठ डॉक्टरणींनी जातीवरून छळलं असा आरोप. अटक झाली, जामीन झाला, खटला उभा राहिला. घरच्यांचं म्हणणं, आम्ही आधीच तक्रार केली होती. त्याच्या बारा वर्षं आधी, २००७ साली, दिल्लीच्या एम्सवर थोरात समितीचा अहवाल आला. सुखदेव थोरात आपल्या अमरावती जिल्ह्यातले. ज्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना समितीनं विचारलं त्यांतले ८४ टक्के म्हणाले, प्रॅक्टिकलला आणि तोंडी परीक्षेला आम्हाला न्याय मिळत नाही. होस्टेलात वरच्या मजल्यांवर त्यांचीच वेगळी वस्ती झालेली. म्हणजे राजधानीतही गावकूस असतंच.

आता परदेशातल्या मेडिकल कॉलेजांत एक रीत सुरू झालीय. नाव जड आहे, आपण तिला इजा भरून काढणारा न्याय म्हणू. शिक्षा किती एवढंच विचारायचं नाही. इजा कोणाला झाली, तिला काय पाहिजे, आणि ते द्यायची जबाबदारी कोणाची, हे सगळ्यांनी समोरासमोर बसून ठरवायचं.

समोरासमोर बसा म्हटलं की माझं डोकं सणकतं. माझ्या बापाला गावात मारलं होतं. दुसऱ्या दिवशी चार मोठ्यांनी त्यालाच बोलावून घेतलं. चहा दिला, वेगळ्या कपात. "मिटवून घे" म्हणाले. बापानं अंगठा दिला. मारणारा तिथंच बसला होता, त्यानं तोंडातून एक शब्द काढला नाही. गावोगाव ॲट्रॉसिटीच्या केसी अशाच चहात बुडवल्या साल्यांनी.

पण वाचत गेलो तेव्हा फरक कळला. इथं करणाऱ्यानं आधी स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. बसायचं की नाही हे जिला लागलं तिनं ठरवायचं. आणि संस्थेनंही उत्तर द्यायचं. आमच्या गोदीत स्लिंग तुटली तर क्रेनवर कोण होता एवढंच विचारून आम्ही गप्प बसत नाही. ती स्लिंग तपासली कोणी? जास्तीचा माल उचलायला सांगितलं कोणी? तसंच इथं. ड्युट्या कोणी लावल्या? तक्रारीचा कागद कोणाच्या टेबलावर पडून होता?

कॅनडात डलहौसी विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजातल्या पोरांनी वर्गातल्या मुलींबद्दल फेसबुकवर घाण लिहिली. २०१४ चा डिसेंबर. बऱ्याच मुलींनी हा मार्ग निवडला. बैठका झाल्या, मे २०१५ ला अहवाल आला. पोरांना मुलींसमोर बसून ऐकावं लागलं. पण त्याच वेळी चार मुलींनी निनावी पत्र लिहिलं, की हा मार्ग धरायचा आमच्यावर दबाव येतोय. मला ते पत्र अहवालाइतकंच मोठं वाटतं. तिकडे गोऱ्यांच्या विद्यापीठात दबाव येतो, तर कोट्यातून आलेल्या आपल्या पोरीवर किती येईल?

म्हणून माझ्या अटी सांगतो. गुन्हा झाला तर पोलीस ठाणंच. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा १९९९ चा. या दुसऱ्या कायद्यानं तक्रार आली की कॉलेजच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. बैठक या कायद्यांच्या जागी बसता कामा नये. जो प्रोफेसर तिचे मार्क देतो तो बैठकीचा प्रमुख नको. तिच्यासोबत तिची माणसं पाहिजेत. आणि मधूनच उठून जायचा हक्क तिचा. उठली म्हणून तिच्यावर ठपका नको.

मग बैठक कशासाठी? कलमात बसत नाही पण माणूस पोखरतं त्याच्यासाठी. मेसमधलं टेबल. "हे कोटावाले" म्हणून हसणं. रात्रीची ड्युटी दर वेळी एकाच्याच गळ्यात. हे पहिल्यांदा घडतं तेव्हाच धरलं, करणाऱ्याला तोंडावर ऐकवलं, पुन्हा करणार नाही हे वर्गासमोर वदवून घेतलं आणि त्यावर नजर ठेवली, तर एखादी पोरगी वाचेल. तिच्या मरणानंतरचा मोर्चा आपण काढूच, पण तो उशिराचा असतो.

वाशिमचं कॉलेज नवं आहे. जुन्या कॉलेजांतल्यासारखी सीनियरांची गादी तिथं अजून मुरलेली नाही. रीत पडायच्या आधीच आपली रीत पाडायची. तिथं शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, नव्या बॅचच्या पहिल्याच आठवड्यात होस्टेलची दारं ठोठवा. तुमचे नंबर द्या. एकेकटे राहू नका. डीनकडे जाताना चौघं जा, अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या. आणि कोणी "मिटवून घ्या" म्हणालं तर विचारा, कबूल कोण करणार, भरून कोण देणार, कधीपर्यंत?

काकूला मी सांगून आलोय, पोट्टीला पाठव. आता तिथं तिला एकटी पडू न देणं हे तुमचं-माझं काम.

जयभीम.